बुऱ्हाणपूरला एक दिवस

सायकलवर लांबचा पल्ला मारायचा तर मध्ये एक दिवस पायांना सुट्टी द्यावी लागते. जळगावहून ओंकारेश्वरला जाताना मी ती बुऱ्हाणपुरात काढली. सुट्टी म्हणजे लोळणं नव्हे. जुनं शहर चालत पाहावं, तेही रमतगमत. घाईतल्या माणसाला ते फक्त दुकानं आणि गर्दी दाखवतं.

बुऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात असलं तरी ही खानदेशची जुनी राजधानी. फारुकी सुलतानांनी तापीकाठी गाव वसवलं आणि नाव दिलं ते खुलताबादेत कबर असलेल्या बुऱ्हाणुद्दीन गरीब यांचं. बाजारात मराठी सहज कानावर पडते. मावा जिलबी खाऊन जामा मशिदीत गेलो. तिथे अरबी लेखाच्या जोडीला संस्कृत लेख कोरलाय. संवत, शक, महिना, तिथी, नक्षत्र, सगळं पंचांगाच्या रीतीनं. मशीद बांधणाऱ्या सुलतानाला आपल्या कामाची नोंद या भाषेतही राहावीशी वाटली, याचं मला फार अप्रूप वाटतं.

गावात कुणाशीही बोला, आधी मुमताजची गोष्ट निघते. 1631 मध्ये ती इथेच बाळंतपणात गेली, तापीपल्याड जैनाबादेत तिला दफन केलं आणि काही महिन्यांनी देह आग्र्याला नेला. मन हलवणारीच गोष्ट आहे ती. पण या गावाचं मोठेपण मला दिसलं ते जमिनीखाली, कुंडी भंडाऱ्यात.

1615 च्या सुमारास, जहांगीरच्या काळात, अब्दुर रहीम खानखानान यांनी ही पाण्याची योजना उभी केली. दोहे लिहिणारे रहीम ते हेच. सातपुड्यातून झिरपत तापीकडे निघालेलं पाणी वाटेतच गाठायचं, भुयारात घ्यायचं आणि नुसत्या उतारानं शहरात आणायचं. भुयाराच्या वर ओळीनं शंभरहून अधिक कुंड्या, म्हणजे विहिरीच. त्यांतून हवा खेळते. मोट नाही, पंप नाही. लिफ्टनं सुमारे ऐंशी फूट खाली उतरलो. पाणी इतकं नितळ, की पायाची नखं मोजून घ्यावीत. भिंतींवर चुन्याचे पांढरे, खडबडीत थर चढलेत. त्यांवरून हात फिरवला तर बोटं ओली होतात. दगड अजून पाझरतोय.

मला तर हे ताजमहालाइतकंच मोलाचं वाटतं. चारशे वर्षं सामान्य माणसाच्या घागरीत पाणी पडावं, यासाठी इतकी अक्कल आणि इतके हात राबले. पण झिरपणीच्या वरच्या पट्ट्यात बोअर मारत राहिलो, झाडं तोडत राहिलो, तर वाहतं पाणी आटायला वेळ लागणार नाही. ओंकारेश्वरच्या वाटेवर आपली कितीतरी माणसं बुऱ्हाणपूर स्टेशन गाडीच्या खिडकीतूनच पाहतात. पुढच्या वेळी तिथे उतरा, एक दिवस काढा, आणि बाकी काही बघण्याआधी कुंडी भंडारा बघा.