चक्रवाकाची कंठी

नांदूर मधमेश्वरला लोक डिसेंबर-जानेवारीत जातात. निफाडची थंडी, धुक्यातला बंधारा, पाण्यावर बदकांची दाटी. हंगाम तोच, हे खरं. मला मात्र फाल्गुनाचे उतरते दिवस अधिक आवडतात. द्राक्षांची तोडणी चालू असते, वाऱ्यावर काढलेल्या कांद्याचा उग्र वास असतो आणि चापडगावच्या मनोऱ्यावर गर्दी नसते. ‘‘काका, आता काय राहिलं? सीझन उतरला,’’ दुर्बीण हाती देत गावातला गाईड पोरगा म्हणतो.

राहिलेले असतात ते निघायच्या बेतातले. चक्रवाकाच्या नराकडे नीट बघावं. हिवाळाभर जोडीतला नर कोणता, हे दुरून ठरवताना डोळे शिणतात. आता त्याच्या मानेभोवती बारीक काळी कंठी उमटलेली असते. ही कंठी नांदूरसाठी नव्हे. त्याचा संसार मांडला जाणार लडाख-तिबेटकडच्या थंड तळ्यांकाठी, कड्यांच्या कपारींत. पिवळ्या धोब्याचंही तेच. पावसाळा सरता आला तेव्हा मळकट होता. आता लव्हाळ्यातून शेपूट हलवत निघाला की हळद लागलेली दिसते. भोरड्या गुलाबी-काळ्या पोशाखात बाभळी डोक्यावर घेतात. त्यांना मध्य आशिया गाठायचा असतो. आपण सगळा वसंत दुसऱ्या गावच्या लग्नाची तयारी बघत बसायचं. मांडव तिकडे, नटणं इकडे! मला यात काहीच कमी वाटत नाही. उलट, खुद्द लग्नापेक्षा आदल्या दिवसाची लगबगच मला आवडत आली आहे.

ही जागा कुणी पक्ष्यांसाठी बांधली नव्हती. गोदावरी-कादवेच्या संगमाजवळ इंग्रजी अमदानीत दगडी बंधारा झाला, तो कालव्यांतून खाली कोपरगावकडे पाणी न्यायला. मग वर्षानुवर्षं गाळ साचला. पाटबंधाऱ्याच्या हिशेबात तेवढी साठवण बुडाली. पण उथळ पाणी झालं, बेटं वर आली, पाणवनस्पती माजल्या. १९८६ साली अभयारण्य जाहीर झालं आणि २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ. नुसत्या गाळाला एवढा मान क्वचितच मिळाला असेल.

इथला वसंत पंचांगापेक्षा आवर्तनावर चालतो. वरच्या गंगापूर-दारणा धरणांतून पाणी सुटलं की फुगवटा चढतो. ते कालव्यांत गेलं की उतरतो आणि ओला चिखल उघडा पडतो. त्या चिखलात तुतवार दिवसभर चोची खुपसत हिंडतात. हा अधाशीपणा नव्हे, वाटखर्च आहे. निघण्यापूर्वी अंगावर चरबी चढवली नाही, तर पुढचा प्रवास झेपत नाही.

पट्टकदंब निघतात तेव्हा मात्र मान वर करून बघत राहावं लागतं. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला हा हंस हिमालय ओलांडताना सात हजार मीटरच्या वर नोंदला गेला आहे. मला त्याहून भावतो तो त्याचा हिशेबीपणा. विनाकारण उंच जायचं नाही. डोंगराच्या अंगाला धरून, चढ आला की चढायचं, उतार आला की उतरायचं. खाली हवा दाट, पंखांना कष्ट कमी. एरवी आपल्याला विक्रम तेवढा लक्षात राहतो, काटकसर राहत नाही.

चैत्र लागला की इथल्याच शेकाट्यांची घाई सुरू होते. लांबलचक गुलाबी पायांवर डुलत हे जोडपं पाण्याच्या कडेला, चिखलाच्या उंचवट्यावर घरटं घालतं. घरटं कसलं, काडीकचऱ्याची चटई! आणि अंडी मांडून होतात न होतात तोच पुढचं आवर्तन सुटतं. पोरगा म्हणाला, ‘‘पाणी चढायला लागलं की दोघं काड्या खाली सारत राहतात काका, घरटं उंच करतात. पाणी सावकाश चढलं तर जमतं.’’