धामणीची अंडी आणि साडेपाचशेचा खर्च

उत्तर नागपुरातील आमच्या वस्तीत जुनी मातीची घरे पाडून सिमेंटची उठवणे अजून सुरूच आहे. गेल्या वर्षी मे महिन्यात शेजारचा पाया खोदताना विटांच्या ढिगाखाली मजुरांना पांढरी, लांबट अशी अकरा अंडी सापडली. काही एकमेकांना चिकटलेली. मी वायरमन, त्याच घरात पाईप टाकायला गेलो होतो. अंडी सापाची, एवढे सर्वांना कळले आणि एकाने फावडे उचलले.

"फोडून टाका जी, उद्या लेकरांच्या अंथरुणात शिरतील," शेजारच्या आत्याबाई म्हणाल्या. त्यांचे भय खोटे नव्हते. पावसाळ्यात आमच्याकडे नाग निघतात, मण्यारही निघते. पण माझी मुलगी बारावीला सायन्समध्ये आहे. ती आडवी झाली. "काहून फोडता? आधी सर्पमित्राले बोलवा ना, बाबा."

सर्पमित्र म्हणजे दिवसा ऑटो चालवणारा पोरगा. बाजूला पडलेल्या कातीवरून त्याने धामण ओळखली. धामणीला विष नसते. ती गाईच्या पायाला विळखा घालून दूध पिते ही निव्वळ थाप आहे. सापाला दूध ओढून पिताच येत नाही. तिचे खाणे उंदीर आणि बेडूक. त्याने लगेच वन विभागाला कळवले. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात अंडीही प्राण्यातच धरली जातात, त्यामुळे हौस म्हणून ती कोणाला घरी ठेवता येत नाहीत. रीतसर नोंद होऊन अंडी त्याच्या ताब्यात राहिली. पेटी मात्र त्याच्याकडे नव्हती. कोंबडीच्या अंड्यांचे तयार यंत्र महाग, आणि ते साडेसदतीस अंशांवर चालते. त्यात सापाची अंडी मरतात. त्यांना अठ्ठावीस ते तीस अंश पुरे. मी म्हटले, पेटी मी करतो.

अंडी उबवायची म्हणजे गरम करायचे, असेच कोणालाही वाटेल. नागपूरच्या मे महिन्यात काम उलटे असते. बाहेर पारा पंचेचाळीस, टिनाखाली त्याहून जास्त. म्हणून पहिल्या पेटीला वीज लागलीच नाही. मातीची मोठी कुंडी घेतली, तिच्यात लहान कुंडी, मधल्या फटीत ओली रेती आणि वरून ओले पोते. माठातले पाणी ज्या कारणाने गार होते, त्याच कारणाने ही कुंडी गार राहते. आत प्लास्टिकच्या डब्यात ओलसर नारळाचा भुसा. मुठीत दाबला तर थेंब पडू नये इतपतच ओला. सापाच्या अंड्याचे कवच चामड्यासारखे मऊ असते, ते भोवतालचा ओलावा ओढून घेते. अंडे पिचकले की भुशाच्या कडेने पाणी शिंपडायचे.

आणखी एक. कोंबडी अंडी फिरवते, सापाचे अंडे फिरवायचे नसते. आतला जीव गुदमरतो. मुलीने प्रत्येकावर पेन्सिलीने वरच्या बाजूला खूण केली. चिकटलेली तशीच ठेवली.

जूनमध्ये पाऊस लागला आणि कुंडीचे काम संपले, कारण दमट हवेत पाणी उडत नाही. रात्री गारवाही वाढला. मग मासळीवाल्याकडचा बर्फाचा थर्माकोल डबा धुऊन आणला, फुकट. त्यात पंधरा वॉटचा जुन्या पद्धतीचा बल्ब टिनाच्या डब्यात झाकून बसवला. एलईडी इथे कामाचा नाही. उजेड देतो, ऊब जवळपास देतच नाही. तापमान धरणारे लहान यंत्र लावले, आणि लाईट गेली तर ऊब टिकावी म्हणून पाण्याच्या चार बाटल्या ठेवल्या. कुंड्या 160, भुसा 40, यंत्र 180, थर्मामीटर 120, बल्ब-होल्डर 45. रेती बांधकामाचीच होती.

कोकणात तर एवढेही लागत नाही. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास गावी 2002 पासून चिपळूणची सह्याद्री निसर्ग मित्र ही संस्था आणि गावकरी समुद्रकासवांची अंडी जपू लागले. घरट्यातली अंडी काढून कुंपणाच्या आत तेवढ्याच खोल खड्ड्यात पुरायची, बाकी काम रेतीचे. तिथे उष्णतेला आणखी एक अर्थ आहे. रेती गार असली तर नर जास्त निपजतात, गरम असली तर माद्या. सापात तसे नसते, हे मला मुलीनेच सांगितले.

एका अंड्याला बुरशी लागली, ते काढून टाकले. उरलेल्यांवर रात्री टॉर्च धरला की आत लाल धागे दिसायचे. एकदा आत्याबाईही दोन गल्ल्या ओलांडून पाहायला आल्या. बराच वेळ वाकून पाहत राहिल्या. "कोंबडीच्या अंड्यासारखंच दिसते बाप्पा," म्हणाल्या.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात पहिले कवच चिरले. पिल्लाच्या नाकाशी बारीक दात असतो, त्याने ते कवच कापते. डोके बाहेर काढून ते दिवसभर तसेच बसले, घाई नाही. दोन दिवसांत नऊ निघाली, प्रत्येक सव्वा फुटाचे. एक अंडे उघडलेच नाही. वनरक्षकाच्या समक्ष ती शहराबाहेर धानाच्या बांध्यांकडे सोडली. मुलगी गेली होती, मला त्या दिवशी काम होते. डबा सर्पमित्राकडेच आहे. यंदा उन्हाळ्याआधी होल्डरची वायर बदलून दिली.