घरी बांधलेली वल्हवायची होडी

वल्हवायची होडी घरी बांधायची तर प्लायवूडच्या फळ्या तारेने शिवून इपॉक्सीने जोडण्याची पद्धत सर्वांत सोयीची. १९६०च्या दशकात बॅरी बकनेल आणि जॅक होल्ट यांच्या ‘मिरर’ डिंगीमुळे ती ब्रिटनमध्ये घरोघरी पोचली. प्रस्तुत लेखकाने पडवीत बांधलेली १२ फुटी होडी याच पद्धतीची.

मरीन प्लाय ८ बाय ४ फुटांत मिळते. लांब फळीसाठी दोन तुकडे तिरक्या सांध्याने जोडावे लागतात. सांध्याचा उतार जाडीच्या आठपट ठेवतात, म्हणजे ६ मिलिमीटर प्लायला ४८ मिलिमीटर. कापलेल्या फळ्यांच्या कडांना भोके पाडून तांब्याची तार ओवली आणि पिळली, की सपाट फळ्यांना होडीचा बाक येतो. याच वेळी सांगाडा समपातळीत आहे ना, हे तपासावे. पिळवटलेली होडी पुढे सरळ चालत नाही.

नंतर आतल्या कोपऱ्यांत इपॉक्सी व लाकडाच्या बारीक भुशाची लांबी भरून तिच्यावर काचतंतूची पट्टी बसवतात आणि तारा काढून टाकतात. गोव्यात बांधलेल्या ‘कौंडिण्य’ जहाजात काथ्याची शिवणच फळ्या धरून ठेवते. इथे शिवण तात्पुरती असते, जोर इपॉक्सीचा. दमट हवेत इपॉक्सीवर मेणचट थर येऊ शकतो. तो पाण्याने धुऊन, पॉलिश पेपरने घासल्यावरच पुढचा हात द्यावा.

आराखड्यात स्वतःच्या सोयीचे बदल करायचे ते इथून पुढे. वल्ह्याच्या लांबीचे २५ भाग धरल्यास ७ भाग होडीच्या आत आणि १८ बाहेर असावेत. ४८ इंच रुंदीच्या होडीत मुठी मध्यभागी थोड्या एकमेकींवर येण्यासाठी आतला भाग २६ इंच लागतो. त्यावरून वल्हे सुमारे ९३ इंचांचे ठरते. वल्हे टेकवायच्या कड्या बसायच्या फळीच्या मागच्या कडेपासून सुमारे फूटभर मागे, होडीच्या शेपटाकडे येतात. पाय रोवायची आडवी पट्टी मागेपुढे सरकणारी केली, तर घरातील उंच-ठेंगणी सर्वच माणसे वल्हवू शकतात. मागे कोणी बसले तर तोल राखण्यासाठी पुढच्या फळीजवळ कड्यांची दुसरी जोडी या होडीत बसवली आहे.

वल्हवणाऱ्याचा जोर पाण्यापर्यंत पोचतो तो बसायची फळी, कड्या आणि पायपट्टी यांतूनच. म्हणून ही तिन्ही ठिकाणे शिकंज्यांनी तात्पुरती धरून होडी आधी उथळ, संथ पाण्यात वल्हवून पाहावी आणि मगच पक्की करावीत. वल्हवणाऱ्याच्या अंगाबेताची होडी मिळणे, हाच ती घरी बांधण्याचा सर्वांत मोठा लाभ आहे.