टेबल रिकामं झालं की

२ जून
सोमवार. कारखान्याची सुट्टी. हिची रविवारी असते, म्हणजे घर दिवसभर माझं आणि आण्णांचं. मनू निकालाची वाट बघत लोळते आहे.
जेवणाचं टेबल साडेतीनपर्यंत मिळालं. झेरॉक्सवाल्याकडून ‘पुष्पक’चा आराखडा मापात करून आणला. मूळ विमानाचा पंख १०.९७ मीटर, माझा ३३ सेंटिमीटर. रबरावर उडणाऱ्या मॉडेलांच्या पीनट वर्गात १३ इंचांवर पंख चालत नाही. थर्माकोल, त्यावर नकाशा, त्यावर प्लॅस्टिक, टाचण्या. एका बाजूचे लाँजरॉन, म्हणजे धडाच्या लांब काड्या, लागले.
साडेतीनला पाहुणे.

३ जून
रात्री अकराला घरी. काही नाही.

५ जून
एक रिब. खरंच एकच.

९ जून
आण्णा काठी टेकत आले. “ह्ये कुठलं इमान?”
पुष्पक म्हटलं. हिंदुस्थान एअरक्राफ्टचं. दोघं शेजारी शेजारी बसायचे, फ्लाइंग क्लबात पोरं याच्यावर शिकायची. २८ सप्टेंबर १९५८ ला पहिल्यांदा उडालं. विष्णू माधव घाटगे यांचं काम.
“घाटगे म्हंजे कागलचे?”
“हसूरचे. जर्मनीत गटिंगेनला जाऊन प्राध्यापक प्रांटलच्या हाताखाली पीएच.डी. केली.”
प्रांटलचं त्यांना काही नाही. “हसूरचे व्हय,” म्हणत चष्मा लावून वाकले. मग इंजिन कुठं बसतंय ते विचारलं. एस.टी.च्या डेपोत हयात गेली. रबराची पट्टी दाखवली.
“ह्याच्यावर?”
अर्धा तास तिथंच बसले.

१६ जून
मनूचा निकाल. हिनं पेढे आणले. टेबलावर फॉर्म, दाखले, झेरॉक्स, फोटो. सांगाडा कपाटावर.

२२ जून
पाऊस लागला. वाळूतला ओलावा वाढला की कास्टिंगला ब्लो-होल, आणि ब्लो-होल निघाले की साहेब माझ्या टेबलाशी. आज दीड टन माल बाजूला काढला. घरी येऊन ०.८ मिलिमीटरच्या बाल्साला पॉलिश पेपर मारत बसलो. हात थरथरत होते, पट्टी मोडली. झोपलो.

३० जून
गुजरीत मित्राच्या पेढीवर सांगाडा वजनाला नेला. कागद, प्रॉप, चाकं काहीच नाही अजून. ३.१ ग्रॅम. मित्राला वाटलं काटा बिघडला. दुसऱ्या काट्यावर घातला, तेवढाच. बांगड्या बघायला आलेल्या बाई माझ्याकडे वळल्या, “मजुरी किती पडली?”
काय सांगणार.

७ जुलै
टिश्यू आला. पतंगाचा कागद लावून पाहिला होता, पण पाणी फवारलं की रंग सुटतो. जपानी टिश्यू पाणी बसलं की सैल पडतो, वाळताना आकसून ताठ होतो. अत्तराच्या रिकाम्या बाटलीनं फवारा मारला. पंख टाचण्यांनी पाटाला जखडून ठेवला, नाहीतर वाळताना पीळ धरतो.

८ जुलै
रात्रभर पाऊस. टिश्यू पुन्हा सैल.
वरून डोप, म्हणजे पातळ लॅकर, दिला तर ओल धरणार नाही. पण दमट हवेत डोप पांढरा पडतो. शिवाय वासानं हिचं डोकं उठतं. पावसाळा संपेपर्यंत थांबा म्हणतात जाणकार. जाणकारांना कोल्हापूर माहीत नसावं.

१३ जुलै
डोप दिलाच. गच्चीच्या जिन्यात, जवळ टेबललॅम्प लावून. एका पंखावर पांढरट ढग आला आहे. आकाशाचं चित्र काढायला नको आता.

२० जुलै
प्रवेशाची यादी. मनूला पुण्याचं हवं, हिला सांगलीचं. मी मधे बोललो नाही, शेपटाची कडा घासत होतो. त्याचाही राग आला.
“किती वेळ लागतो हो याला?”
“दहा मिनिटं.”
“कुणाची?”
ब्लेड ठेवून दिलं.

२९ जुलै
पुणे ठरलं.

११ ऑगस्ट
मनूला हॉस्टेलवर सोडलं. गादी, बादली, कुलूप, हँगर. रेक्टरबाईंनी तीन ठिकाणी सह्या घेतल्या. मनू हसत होती, मैत्रीण मिळाली होती लगेच. खंबाटकी चढेपर्यंत ही काही बोलली नाही. नंतर म्हणाली, हँगर कमी पडतील.

१४ ऑगस्ट
हिनं मनूची खोली झाडली. “तुमचं सगळं इथं आणा. टेबल आहे, दिवा आहे, दार लावता येतं. कुणी उठवणार नाही.”
सगळं नेलं. बाल्सा लांबीप्रमाणे लावला. टाचण्यांना वाटी. एवढी जागा मला जन्मात मिळाली नव्हती.

१८ ऑगस्ट
सोमवार. सकाळी नऊ ते बारा खोलीत. दार लावून. टेबलावर कर्कटकानं कोरलेली सूत्रं, भिंतीला वेळापत्रक, त्यात ‘फिजिक्स’ला लाल खूण. स्ट्रट लावायचे होते. लावले नाहीत. गोंद झाकण उघडं राहून वाळला.

२३ ऑगस्ट
आण्णांना झोप नाही. दोन वाजता बाहेरच्या टेबलाशी बसले होते. स्ट्रट घेऊन मीही तिथंच बसलो. पेनॉ नावाच्या फ्रेंच माणसाची गोष्ट सांगितली. पॅरिसची त्विलरी बाग, १८७१, पिळलेल्या रबरावर विमान, ११ सेकंद हवेत.
“रबर कुठलं वापरलं त्यानं?”
आजवर हा प्रश्न मला पडला नव्हता.
स्ट्रट लागले.

२८ ऑगस्ट
गणपतीला मनू आली आहे. श्रीखंडाचा डबा मला रिकामा हवा म्हणून तिनं एकटीनं संपवला, वर उपकार. डब्याच्या भिंतीवर प्रॉपचं पातं पंधरा अंश तिरकं आखून कापायचं. गोलाईमुळे पीळ आपोआप येतो. दोन पाती, मधे बांबूची काडी. आण्णांनी डोळ्यासमोर धरून बघितलं. “फॅनची पाती वाकवायचो तवा ह्योच कोन बघायचो.”
मनूनं खोलीत डोकावून विचारलं, माझं टेबल असं का दिसतंय?

१ सप्टेंबर
बाल्सा, गोंद, टाचण्या, सगळं पुन्हा कपाटावर. ही बघत होती. काही म्हणाली नाही. रात्री टेबलाचा अर्धा भाग स्वतःहून मोकळा ठेवला.

१५ सप्टेंबर
ऑडिट. सुट्टी गेली.

२८ सप्टेंबर
पुष्पकचा वाढदिवस. रविवार, फर्स्ट शिफ्ट, पाऊस.

२ ऑक्टोबर
दसरा. सगळं जोडून, रबरासकट ९.४ ग्रॅम. गुजरीवाल्यानं काट्यावर आपट्याचं पान टाकलं. ते काढून मोजायला लावलं.

१३ ऑक्टोबर
सव्वासहाला तपोवन मैदान. वारा नाही. ही शाळेआधी आली, आण्णा रिक्षातून.
आधी गवतावर हातानं सोडून पाहिलं. नाक वर करून थांबायचं आणि पडायचं. नाकात चिकणमातीचा दाणा घातला, तोल पंखाच्या पुढच्या तिसऱ्या हिश्शावर आणला. मग सरळ उतरू लागलं. रबराला एरंडेल चोळलं. आण्णांनी नाक धरलं, मी रबर चौपट ताणून हँडड्रिलनं पिळत पिळत जवळ आलो. “तुटंल की रं,” दोनदा म्हणाले.
पहिल्यांदा डावीकडे झुकून घसरलं. प्रॉपचा टॉर्क. प्रॉपच्या ठोकळ्यामागे व्हिजिटिंग कार्डाचा तुकडा सारून रोख जरा उजवीकडे केला.
मग उठलं. मोठा गोल घेत, आमच्या डोक्यावरून. श्रीखंडाच्या डब्यावरची अर्धी अक्षरं फिरताना दिसत होती. चालायला आलेली माणसं थांबली. हिनं मोबाइलवर मोजलं, १९ सेकंद.
“पेनॉपरीस जास्ती,” आण्णा म्हणाले.
साडेसातला कामाला लागलो सगळे.

१४ ऑक्टोबर
मनूला व्हिडिओ पाठवला. ही धावत होती, त्यामुळे अर्ध्यात नुसतं गवत. मनूचं उत्तर, ‘भारी. दिवाळीत मला उडवायचंय. आजोबांना धरायला लावू नका, मी धरणार.’
आण्णांना वाचून दाखवलं. “येऊ दे मग,” म्हणाले. पुढचं कुठलं, तेही विचारलं. एचटी-२ म्हटलं. घाटग्यांचंच, १९५१ चं. पंख खाली असतो, रबरावर ट्रिम करायला हट्टी. चाकं जाड, पाय जाड, सगळं वजन.
सहामाहीचे पेपर तपासायला येईपर्यंत अर्धं टेबल मोकळं आहे. आराखडा झेरॉक्सला टाकला.