कशावरून?

बिबवेवाडीतील आमच्या घरी आजोबांचे पुस्तकांचे एक जुने कपाट होते. त्यातील दोन शिवचरित्रे मी एका सुटीत वाचली आणि गोंधळून गेलो. एकात शिवरायांचा जन्म १६२७ साली झाला असे लिहिले होते. दुसऱ्यात १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख होती. मला राग आला. शिवरायांविषयीही पुस्तके खोटे सांगतात की काय?

आजोबा म्हणाले, "खोटे नव्हे, बाळ. पहिल्या लेखकाने बखरींवर भिस्त ठेवली. पुढे लोकमान्य टिळकांनी १९१६ साली जेधे शकावली प्रसिद्ध केली. तिच्यात फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ ही जन्मतिथी मिळाली. नवा कागद सापडला, की इतिहास पुन्हा तपासावा लागतो."

मग त्यांनी पु. ल. देशपांडे यांचा १९९४ साली निघालेला 'मराठी वाङ्मयाचा (गाळीव) इतिहास' माझ्या हाती ठेवला. पंडिती थाटात केलेली ती थट्टा वाचून मी पोट धरून हसलो. हसता हसता ध्यानात आले, की भाषा भारदस्त असली म्हणजे विधान खरे ठरते असे नाही.

एका पुस्तकाने मला पुरावा मागायला शिकवले, तर दुसऱ्याने भपक्याला न भुलायला. तारीख बदलली, पण शिवरायांवरील माझी भक्ती तिळभरही उणी झाली नाही. उलट, ज्यांना आपण थोर मानतो, त्यांच्याविषयी खरे तेच जाणावे, असे मला वाटू लागले. आजही पुस्तक उघडले, की मी आदराने विचारतो, "कशावरून?"