आधी टेप, मग दोर

किनाऱ्याला जिवंत देवमासा लागला की त्याला पुन्हा समुद्रात लोटायचं, यावर दुसरा विचार असू शकतो असं मला कधी वाटलं नव्हतं. म्हणूनच आमच्या गावच्या शाळेत मच्छीमार, होमस्टेवाले आणि कॉलेजची मुलं यांच्यासाठी देवमासे आणि डॉल्फिन यांची माहिती देणारे वर्ग भरवायचं ठरलं, तेव्हा दोर कसा लावायचा, भरती कशी साधायची हे आधी शिकवा, असा माझा आग्रह होता. शिकवायला आलेल्या तरुण संशोधिकेने मात्र अर्धा दिवस मेलेल्या जनावराची मापं आणि नोंदी यांसाठी ठेवला होता. जीव वाचवण्याच्या वर्गात मढ्याचं काय काम, असं मी त्यांना तोंडावर विचारलं. आज तोच अर्धा दिवस कुणी कापू म्हटलं तर मी भांडायला उठेन.

माझं मन एकदम पालटलं नाही. आधी शरीरशास्त्राने माझी खात्री डळमळली. देवमाशाचं वजन पाण्यात पाणीच पेलतं. वाळूवर तेच वजन त्याच्या फुप्फुसांवर आणि स्नायूंवर येतं. दबलेल्या स्नायूंना रक्त पोचत नाही, ते मरू लागतात आणि त्यांतून सुटणारी द्रव्यं मूत्रपिंडांना बाधतात. थंड पाण्यात ऊब राखणारा चरबीचा थर उन्हात त्याचाच घात करतो. शिवाय एकटा किनाऱ्याला लागणारा मोठा देवमासा बहुधा आधीच आजारी, जखमी किंवा आईपासून तुटलेला असतो. जून 2015 मध्ये रेवदंड्याला सुमारे 42 फुटी निळा देवमासा जिवंत लागला आणि तिथेच गेला. नोव्हेंबर 2023 मध्ये गणपतीपुळ्याला पिल्लू लागलं. त्याच्यासाठी लोकांनी आणि वन विभागाने जिवाचं रान केलं, तरी ते वाचलं नाही. तमिळनाडूत मणपाडच्या किनाऱ्याला जानेवारी 2016 मध्ये ऐंशीच्या आसपास पायलट व्हेल लागले. मच्छीमारांनी कितीतरी जनावरं खोल पाण्यात नेऊन सोडली, त्यांतली बरीच परत आली. कळप सोडून ही जात राहत नाही. या माणसांच्या कष्टांबद्दल मला आदरच आहे. पण फक्त ओढण्याचंच शिक्षण द्यायचं, हे मला आता पटेना.

मग किनाऱ्यावर एक मेलेला फिनलेस पोरपॉइज आला. वन विभागाला कळवलं, त्यांची माणसं आली आणि त्यांच्या देखरेखीखाली वर्ग वाळूवरच भरला. जनावर दीड मीटरला जरा कमी. पाठीवर पर नाही, त्या जागी बारीक गाठींची पट्टी. दात फावड्याच्या पात्यासारखे चपटे. संशोधिकेने टेप वरच्या जबड्याच्या टोकापासून शेपटीच्या मधल्या खाचेपर्यंत सरळ धरायला लावली. अंगाच्या गोलाईवरून टेप फिरवली तर माप फुगतं. मुलं आकडे लिहून घेत होती. पुढच्या परांच्या कडांवर आणि तोंडाभोवती बारीक रेघा उमटलेल्या दिसत होत्या. आमचे एक जुने रापणकर काका उकिडवे बसले, अंगाला हात न लावता रेघांवर बोटं धरून अंदाज घेतला आणि म्हणाले, "चार बोटांचां जाळां. अंग अजून ताजां आसा, म्हणजे ह्यां हयच खंयतरी अडाकलां."

संशोधिकेने ते शब्दशः लिहून घेतलं. जाळ्याचे आस किती बोटांचे, असं जाळं सध्या कोण टाकतंय, किती वाव पाण्यात, कुठल्या महिन्यात, हे प्रश्न त्यांनी काकांना विचारले आणि उरलेला वर्ग खरं तर काकांनीच घेतला. पुढचा पोरपॉइज अडकू नये म्हणून काय करता येईल, ही चर्चा आमच्या गावात त्या दिवशी पहिल्यांदा झाली, आणि ती सुरू झाली मेलेल्या जनावराच्या अंगावरून. लोटून दिलेला देवमासा काय सोसत होता ते कळायला मार्ग उरत नाही.

मोठ्या देवमाशाकडून तर आणखी कळतं. वरच्या जबड्यावर तीन समांतर उंचवटे असतील तर तो ब्राइड्स व्हेल. कानातल्या मळाच्या थरांवरून वय काढता येतं. कातडीच्या तुकड्यातून वंशाचा माग लागतो. जानेवारी 2016 मध्ये जुहूला मेलेला ब्राइड्स व्हेल लागला तेव्हा बघ्यांची झुंबड उडाली होती. अशा गर्दीत चार माणसं जरी दोन्ही बाजूंचे नीट फोटो काढणारी निघाली, तरी केवढी नोंद होते! आमच्याच सिंधुदुर्गात कुणकेश्वरसमोर 2015 मध्ये निळे देवमासे दिसले होते. म्हणजे ही विद्या दूरदेशीची नाही.

सुटकेचा धडा मी सोडलेला नाही. जाळ्यात जिवंत सापडलेला डॉल्फिन जाळं कापून सोडला तर जगू शकतो, आणि कापलेल्या जाळ्याची 25,000 रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना राज्याने 2018 मध्ये आणली. त्यासाठी फोटो किंवा व्हिडिओ लागतो, हे वर्गात पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. वाळूवरच्या जनावराच्या बाबतीत मात्र आता आमचा क्रम ठरला आहे: आधी वन विभागाला फोन, मग गर्दी आणि कुत्री मागे, अंगावर ओली फडकी, पण डोक्यावरचं श्वासाचं भोक उघडं, त्यात पाण्याचा थेंब जाऊ द्यायचा नाही. शेपटीला दोर बांधून ओढायचं नाही, सांधे निखळतात. मग टेप आणि नोंदी. दोर सर्वांत शेवटी, तोही पशुवैद्यांनी सांगितला तर.

पावसाळ्यात बोटी वर ओढलेल्या असतात, लोकांना सवड असते, म्हणून पुढचा वर्ग तेव्हा ठेवतो आहोत. लहान मुलांना मेलेलं जनावर दाखवू नका, असं काही पालकांचं म्हणणं आहे. त्यांच्या घरी जाऊन मी एकेकाशी बोलतो आहे.