काठीचं दुसरं टोक

आप्पांच्या वेळूच्या काठीचं एक टोक त्यांच्या मुठीत असायचं, दुसरं माझ्या. पुढे मी, मागे ते, असे आम्ही मळ्यातून पलूसच्या बाजाराला यायचो. सहा-सात वर्षांचा मी भरभर निघालो की मागून आवाज यायचा, “वढू नगंस रं, नुसता म्होरं चाल.” किर्लोस्करवाडीच्या कारखान्याचा भोंगा झाला की ते वेळ सांगायचे. पाटाला पाणी सुटलंय का, हे बांधावर उभं राहून ओळखायचे. पण मी शाळेत गेलो, की दुपारभर सोप्यात बसून असायचे. काठी भिंतीला टेकलेली.

तिशी ओलांडली आणि द्राक्षबागेतल्या मांडवाच्या तारा संध्याकाळी माझ्या कपाळाला लागू लागल्या. आधी रातांधळेपण, मग नजर कडांनी आत येत गेली. समोरच्याचा चेहरा दिसायचा, पायाजवळची बादली नाही. डॉक्टरांनी नाव सांगितलं, रेटिनायटिस पिगमेंटोसा. मग विचारलं, “आईवडील नात्यातले का?” आप्पा माझ्या आईचे वडील आणि वडिलांचे सख्खे मामा. मामाची पोरगी करायची आमच्याकडची रीत. एकच दोष दोन्हीकडून उतरला, की हा आजार उमटू शकतो.

पांढरी काठी आणली, ती घडीची. तुकडे आतून लवचीक दोरीनं गुंफलेले. दोन वर्षं ती पिशवीतच राहिली. बाजारात उघडायची म्हणजे साऱ्या गावाला सांगितल्यासारखं. एका संध्याकाळी उसानं भरून उभ्या असलेल्या ट्रॉलीवर आदळलो. कुणीतरी म्हणालं, “दिसाचीच घेतलीया वाटतं.” बेवडा ठरण्यापेक्षा आंधळा ठरलेलं बरं, म्हणून तिथंच काठी उघडली.

१९२१ साली ब्रिस्टलच्या जेम्स बिग्ज या छायाचित्रकारानं हेच केलं होतं. अपघातात दृष्टी गेल्यावर, गाडीवाल्यांना आपण दिसावं म्हणून त्यानं आपली काठी पांढरी रंगवली. पुढे दुसऱ्या महायुद्धात डोळे गमावलेल्या सैनिकांसाठी रिचर्ड हूवर यांनी ती लांब केली आणि चालायची रीत बसवली. डावा पाय पुढे पडताना टोक उजवीकडे, उजवा पडताना डावीकडे. पुढच्या पावलाची जागा काठी आधीच चाचपून ठेवते. खड्डा, पायरी, उभी मोटारसायकल, सगळं मनगटाला कळतं. आप्पांच्या काठीचं दुसरं टोक माझ्या हातात होतं. माझ्या काठीचं जमिनीवर.

तरी माया करणारे लोक टोकच धरतात. परवा रस्ता ओलांडताना शाळेच्या एका पोरानं ते उचललं आणि ओढायला लागला. म्हटलं, “काठी सोड बाळा, कोपर दे.” त्याच्या कोपराच्या जरा वर हात ठेवला आणि अर्धं पाऊल मागून निघालो. तो थांबला की कळतं, वळला की कळतं. ओढावं लागत नाही.

पलीकडे गेल्यावर तो शाळेकडे पळाला. मी काठी टेकवली आणि निघालो. अजून अख्खी दुपार होती.